बांधाची बाहेरची बाजू

मी कसली अक्कल पाजळली ते आधी सांगतो. शहाण्णव साली रोह्याला आम्हा मास्तरांचं प्रशिक्षण झालं. मुलांना उत्तरं देऊ नका, प्रश्न द्या, त्यांना शोधू द्या, असं तिथं सांगितलं. मला ते भलतंच पटलं. गडबच्या शाळेत परतलो आणि चौथीच्या फळ्यावर लिहिलं: खाडीचं पाणी बांधातून शेतात शिरतं कुठून?

नियोजन मी पेणला घरी बसून केलं. भरतीची वेळ काढायचा गावचा हिशेब ऐकून होतो, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी, म्हणजे चारचे तीन. तीनला भरती लागणार असं मी धरून चाललो. दुपारी एकला मुलांना बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरवलं, चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं शोधायला, आणि स्वतः वर बसून वहीत निरीक्षणं लिहीत बसलो. शहाणाच की नाही मी!

दोनला मुलं धावत वर आली, पाणी चढतंय म्हणाली. मोजली तर एक कमी. सुगंधा नव्हती.

तिचा बाप काळुराम शेजारच्याच शेतात होता. त्याला माझा तीनचा हिशेब सांगितला तर तो ओरडलाच, तीनला भरती लागत नाही, भरून येते, पाणी तर सकाळपासून चढतंय. आम्ही बांधावरून हाका मारत पळत सुटलो. पाणी तिवरांच्या झाडीत घुसलं होतं. ओ नाही. नोकरी, बदली, काही आठवलं नाही. देवा, पोरगी तेवढी दे, एवढंच तोंडात.

वळणापाशी ती दिसली. छातीपर्यंत पाण्यात, एका हातानं तिवराची फांदी धरलेली, दुसऱ्या हातानं बांध चाचपत होती. काळुरामनं उडी टाकली आणि तिला वर काढलं. तिचे दात वाजत होते.

हाका ऐकू आल्या नाहीत का, मी विचारलं.

"आयकू आल्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

"सगल्यांना बिल गावला, मला नाय गावला. तुम्ही बोल्लेलाव, गावल्याबिगर वर यायचा नाय."

बोललो होतो. वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं.

काळुरामनं तिला खांद्यावर घेतलं आणि तो घराकडे वळला. ती बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, घाबरून.

"गुरुजी," ती म्हणाली, "घरी जाऊ का?"