चिठ्ठीतलं नातं

बाईंनी काचेवर पेनाने टकटक केली आणि रेकॉर्डिंग थांबलं.

"वत्स नाही, वत्से. समोर मुलगी आहे."

काचेपलीकडे माइकसमोर बसलेल्या म्हाताऱ्या नटाने हेडफोन मागे सरकवला. हिंदी पौराणिक मालिकेतल्या राजाला ते दोन वर्षं आवाज देत होते, म्हणून स्टुडिओत सगळे त्यांना महाराज म्हणत. संवादांतले संस्कृत शब्द कलाकारांकडून शुद्ध म्हणवून घेणं हे बाईंचं काम. पिताश्री, भ्राताश्री, माताश्री असं दिसेल त्या नात्याला 'श्री'चं शेपूट लावणाऱ्या लेखकाशी त्यांचं रोज वाजायचं.

"बाई, आम्ही बापाला नुसतं 'ओ' म्हणायचो. जन्मभर त्याचं काही अडलं नाही."

"राजवाड्यात अडतं. आणि 'तात'मधला शेवटचा त गिळू नका. पूर्ण म्हणा."

"पण परवा मुलगा मला तात म्हणत होता. आज मीच मुलाला तात म्हणतोय. टाइप करणाऱ्याचा गोंधळ आहे का?"

"नाही. संस्कृतात बापही तात आणि लाडाने मुलगाही तात."

"बरंय. म्हणजे कोण कुणाचा हे ज्याने त्याने ठरवायचं!"

रेकॉर्डिस्ट खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. चौदाव्या वेळी वाक्य त्यांच्या मनासारखं आलं, तेव्हा त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तरी महाराज आले नव्हते. वेळ पाळायला नको, असं पुटपुटत बाई पुढच्या भागाचे संवाद तपासत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या वडिलांना दाखल केलंय. तब्येत गंभीर आहे, लगेच निघा."

बाईंच्या हातातले कागद खाली सांडले. पुढचं काही त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांनी घरचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पाचवी, सहावी, सातवी.

"काय गं?" वडिलांचा आवाज आला.

"बाबा? तुम्ही... कुठे आहात?"

"माझ्या घरी. का, नसायला हवं होतं?"

बाईंनी सांडलेले कागद गोळा केले. मग त्यांना रागच आला. आलेल्या नंबरवर त्यांनी उलटा फोन केला. "अहो, जरा बघून तरी फोन करत जा. माझे वडील घरी ठणठणीत आहेत."

"पण पेशंटच्या पाकिटात चिठ्ठी आहे. मुलगी म्हणून हाच नंबर लिहिलाय," पलीकडची नर्स म्हणाली आणि तिने पेशंटचं नाव वाचून दाखवलं.

ते नाव बाईंच्या लगेच ध्यानात आलं नाही. कलाकारांच्या यादीत ते रोज त्यांच्या डोळ्यांखालून जात होतं, पण त्या नावाने त्यांनी कधी हाक मारली नव्हती.

हॉस्पिटलात पोचल्यावर नर्सने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. महाराजांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. वहीच्या पानाचा तो तुकडा घेऊन बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. 'मला काही झाल्यास – मुलगी.' त्याखाली त्यांचा नंबर. संवादांच्या समासात खुणा करणारं महाराजांचं तेच बारीक, तिरकं अक्षर. त्यांनी तीनदा वाचलं. दोन वर्षांत आपण या माणसाला चहा घेतला का, एवढंही विचारलं नाही, हे त्यांना आठवलं आणि कानशिलं तापली.

त्यांनी रेकॉर्डिस्टला फोन केला.

"त्यांना खरी मुलगी आहे, बाई," तो म्हणाला. "अकरा वर्षं बोलणं नाही म्हणे. थांबा, नंबर शोधतो."

दीड तासाने जिना चढून एक स्त्री वर आली. जरा उजवीकडे झुकून चालायची ढब हुबेहूब महाराजांची. बाईंनी काही ठरवलं नव्हतं. पण ती जवळ यायच्या आत त्यांनी चिठ्ठीचा खालचा भाग फाडला आणि मुठीत धरला.

"तुम्हीच फोन करायला सांगितलात ना? कोण तुम्ही?"

"आम्ही एकत्र काम करतो. त्यांच्या पाकिटात हे होतं."

ती उभ्यानेच वाचत राहिली. फाटलेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला.

"खाली नंबर होता?"

बाईंनी मूठ आणखी घट्ट मिटली.

"माझा असणं शक्यच नाही. मी कधीच बदललाय." तिने बाईंच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. "तुमचा होता ना?"

"मला ठाऊकच नव्हतं हो. शप्पथ. मला सकाळी फोन आला तेव्हा..." आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द नीट करणाऱ्या बाईंना पुढचं वाक्य जुळवता येईना.

ती बाकावर बसली. "शेवटचं बोलले तेव्हा म्हणाले होते, मला मुलगी नाही." कोरड्या आवाजात पुढे म्हणाली, "आहे म्हणायची."

नर्स दार उघडून म्हणाली, "शुद्धीवर आलेत. एकीनेच आत या."

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मला बघून त्यांना काही व्हायला नको. आधी सांगा त्यांना."

बाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. तुमची मुलगी आलीय, असं सांगितलं तर चिठ्ठीतली मुलगी म्हणजे बाई स्वतःच, असं ते समजले असते.

त्या मागे वळल्या. "घरात तुम्हाला काय म्हणायचे?"

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "ठमी."

आत पांढऱ्या चादरीवर महाराजांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. बाई वाकल्या.

"ठमी आलीय. बाहेर बसलीय."

डावा डोळा त्यांच्यावर येऊन थांबला. ओठ हलले. आवाज आला, पण त्यात ना स्वर धड होता ना व्यंजन. बाईंनी कान आणखी जवळ नेला. महाराजांनी पुन्हा तेच म्हटलं, किंवा दुसरं काहीतरी. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना एकही अक्षर कळलं नाही.

त्या बाहेर आल्या. ठमी उठून उभी होती.

"काय म्हणाले?"

"तुम्हाला आत बोलावलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.