हरीओम इथं राहत नाही

राखीने आयुष्यात दोनच गोष्टींचा ध्यास घेतला होता. पहिली, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एक खिडकी. ती मिळायला अकरा वर्षं लागली. दुसरी, चौघांनी मिळून सिंगापूर. पण ही दुसरी अकरा वर्षं थांबणारी नव्हती. मुलाची, हरीओमची, बारावी झाली होती, मेच्या पहिल्या आठवड्यात त्याची शेवटची प्रवेशपरीक्षा होती आणि जुलैत तो शिकायला पुण्याला जाणार होता. पुण्याला गेलेला पोरगा दिवाळीला पाहुण्यासारखा येतो आणि चौथ्या दिवशी बॅग भरायला लागतो, हे तिने थोरल्या जावेच्या घरी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्याआधी तिला सहा दिवस हवे होते. चौघं, एक खोली आणि कोणाला कुठे पळता येणार नाही असा मुलूख. तो मुलूख सिंगापूरचं भलंमोठं राइड्सचं पार्क असावा, हे धाकट्या मुलीने, संस्कृतीने, ठरवलं होतं. राखीला तिचं माहेर किन्हीराजाही चाललं असतं, पण किन्हीराजाला पोरं आली नसती.

तारखाही अशा की इकडे आड, तिकडे विहीर. परीक्षेच्या आधी हरीओम हलणार नव्हता, आणि मेअखेर पेरणीआधीच्या रोहिण्या लागल्या की राखीचा नवरा भागवत हलणार नव्हता. शिरपूरच्या बसस्टँडजवळ त्याचं कृषी केंद्र होतं, आणि त्या दिवसांत बियाण्याला अशी गर्दी व्हायची की दुपारचा डबा तो संध्याकाळी उघडायचा. मधे उरले बारा ते सतरा मे. वाशीमच्या टूरवाल्याने तेच दिवस धरून ठेवले होते आणि पंचवीस एप्रिलपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट मागितले होते.

रोज संध्याकाळी जेवताना बैठक बसायची आणि रोज राखीचं डोकं उठायचं.

संस्कृती दहावीत जाणार होती, पण भूगोलाच्या वहीवर आत्ता तिच्या पार्कचा नकाशा होता. "गेट उघडलं की सरळ उजवीकडं पळाचं," ती म्हणाली. "दहा वाजून सात मिनिटांनी आपण पहिल्या रोलरकोस्टरपाशी पायजे."

"पाळण्यात बसाले पळत जाचं?" भागवतने विचारलं.

"पाळणा नाही वो पप्पा!"

भागवतच्या लेखी माणसाला वर नेऊन खाली आणणारी प्रत्येक वस्तू पाळणाच होती. शिवाय चार वर्षांपूर्वी बियाण्याच्या कंपनीने दुकानदारांना बँकॉकला नेलं होतं, तेव्हापासून तो घरातला परदेशाचा जाणकार झाला होता. "तिकडं खाचे लय वांधे हायेत," तो म्हणाला. "दशम्या न्या लागतीन. ठेचा न्या लागीन."

"ठेचा नेऊ देत नाहीत."

"मी नेला व्हता. सायेबानं पिशवी उघडली, शिंकला, अन परत बांधून देल्ली."

"अन तुले काय पायजे, हरी?" राखीने विचारलं.

हरीओम भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बुडाला होता. संस्कृतीने चौघांचा ग्रुप काढला होता, तो त्याने पहिल्याच दिवशी म्यूट केला होता. "काहीच नाही," तो म्हणाला. "तुमी तिघं जा. मी घर सांभाळतो."

घर सांभाळतो! काडेपेटी कुठे असते हे ज्याला माहीत नाही, तो घर सांभाळणार. राखीने भाताचं पातेलं असं आदळलं की संस्कृतीने वही उचलून घेतली. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, तोच म्हणतो तुम्ही जा. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर रडू आलं असतं, आणि जेवणाच्या ताटावर रडणं तिला आवडत नसे.

पासपोर्ट भागवतचा होताच. राखीने स्वतःचा दोन वर्षांपूर्वी हट्टाने काढून ठेवला होता. संस्कृतीचा पोस्टाने आला. अडला एकट्या हरीओमचा, कारण त्याला फेब्रुवारीत अठरा पूर्ण झाली होती आणि अठरा झालेल्या माणसाची पोलीस चौकशी होते. सतरा एप्रिलला संस्कृतीने मोबाइलवर पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही."

"काय?"

"अर्जदार, म्हंजे दादा, इथं राह्यत नाही."

राखीने हरीओमकडे पाहिलं. अर्जदार कॉटवर आडवा पडून केळ खात होता.

"नाही राह्यत?" ती म्हणाली. "मंग दोन टाइम माह्या हातच्या पोया मोडते थो कोण हाय? अन वल्ला टॉवेल पलंगावर कोण टाकते, सांगा न!"

भागवत दुकानात खतांचा ट्रक उतरवून घेत होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोराला पुढे घालून तीच ठाण्यात गेली. चौकशी हवालदार मोहनसिंग यांच्याकडे होती. माणूस शांत होता, पण हे प्रकरण त्यांच्याही डोक्यात गेलेलं दिसत होतं.

"ताई, मी चार फोन केले. एक उचलला नाही."

राखी पोराकडे वळली.

"अनोळखी नंबर मी नाही उचलत," हरीओम म्हणाला. "फ्रॉड राह्यते."

"मंग मी घरी आलो," मोहनसिंग म्हणाले. "कुलूप. शेजारी पुसलं, तं बाजूच्या मावशी म्हणे, थो इथं राह्यत नाही. मले पटलं नाही. म्हणून समोरच्या जगदेवले पुसलं. थो बी म्हणे, कवाच गेला. आता दोघं दोघं सांगून राह्यले तं मी काय लिवू?"

त्या दिवशी ते चौघं अनसिंगला लग्नाला गेले होते, ते राखीला आठवलं. आणि बाजूची मावशी म्हणजे कोण, हेही सांगावं लागलं नाही.

तुळसाबाई अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. राखी आल्याचं पाहून त्यांनी आधी रस्त्याकडे नजर टाकली, मग तिला जवळ ओढलं. तिच्याबरोबर आलेला हरीओम खाटेपाशीच रेंगाळला. "आला व्हता," त्या कुजबुजल्या. "पण मी काही कळू देल्लं नाही."

"काकू, काय सांगतलं तुमी त्याले?"

"त्या हप्त्यात स्टँडवर पोराइची मारामारी नाही झाली? मले वाटलं, त्याच्यातच आपल्या हरीचं नाव आलं. पुसे, हरीओम भागवत इथंच राह्यते काय? म्या म्हटलं, कोण हरीओम? थो तं कवाच गेला. जगदेवले बी मागच्या दारानं जाऊन सांगतलं, तू बी हेच सांग म्हणून." आणि शाबासकीची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या.

राखीला काय करावं सुचेना. ह्या बाईने हरीओमला न्हाऊ घातलं होतं, गोवरात रात्री जागवल्या होत्या, आणि त्याच मायेने आता त्याचा पासपोर्ट बुडवला होता. रागवायचं तरी कुठल्या तोंडाने? तिने ओट्यावर बसून तीन वेळा समजावलं. पासपोर्ट म्हणजे काय, सिंगापूर म्हणजे काय, आणि पोलीस धरायला नाही, विचारायला आला होता. तुळसाबाई तिन्ही वेळा "व्हय व्हय" म्हणाल्या. मोहनसिंगांनी दोन शेजारी आणून जबाब द्यायला सांगितलं होतं. जगदेव मेहकरला गेला होता, त्याला संध्याकाळी बोलावता आलं असतं. तुळसाबाई चांगलं लुगडं नेसून मायलेकांबरोबर निघाल्या.

 पण ठाण्यात शिरून खाकी दिसल्याबरोबर राखीने समजावलेलं सगळं वाऱ्यावर गेलं.

"मावशी," मोहनसिंगांनी कागद समोर ओढला, "हरीओम भागवत तुमच्या शेजारी राह्यते काय?"

"नाही," तुळसाबाई म्हणाल्या.

"काकू!"

"तू उगी राय. तू भोळी हाय," त्या राखीच्या कानात म्हणाल्या, पण त्यांचं कानातलं बोलणं अख्ख्या ठाण्याला ऐकू गेलं. "गोड बोलून बलावते अन मंग आत टाकते."

"मावशी, हा पोरगा कोण हाय मंग?" मोहनसिंगांनी हरीओमकडे बोट केलं.

तुळसाबाईंनी चष्मा सारखा केला. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अठरा वर्षं पाहिलेलं तोंड. "ह्याले," त्या ठामपणे म्हणाल्या, "मी वळखत नाही."

बाकावर बसलेला एक माणूस फिस्कन हसला. राखीने कपाळाला हात लावला. आज अठरा तारीख. सात दिवसांत पासपोर्ट आला नाही तर बारा मे गेला. बारा मे गेला की रोहिण्या, रोहिण्या गेल्या की जुलै, आणि जुलैनंतर काय ते तिला पाठ होतं. 

तेवढ्यात हरीओमने मोबाइल खिशात ठेवला.

"आजी," तो म्हणाला, "सांग न व. मले जाचं हाय."

राखीने मान वर केली. "तुले जाचं हाय?"

"मंग?" तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाला. "चौघंच्या चौघं पुन्हा कवा जाऊ?"

म्हणजे ह्याला कळत होतं. सगळं कळत होतं, आणि दोन महिने ह्याने तिला भिंतीशी बोलायला लावलं होतं. एक धपाटा घालावा की जवळ घ्यावं, हे ठाण्यात उभ्या उभ्या तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिने नुसती त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

तुळसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "पक्कं नं? धरत नाहीत नं तुले?"

"नाही आजी."

"मंग राह्यते," त्यांनी मोहनसिंगांना सांगितलं. "जलमापासून राह्यते. आताच खाटेवरच्या दोन कुरडया उचलून खाल्ल्या त्यानं, वल्ल्या. लिवा."

मोहनसिंगांनी लिहिलं, तुळसाबाईंचा अंगठा घेतला आणि कागद राखीकडे सरकवला. "तुमी बी सही करा. जगदेवले संध्याकाळी पाठवा. आजच वर धाडतो, पाच-सहा दिवसांत येऊन जाईन."

राखीला हायसं वाटलं. पेन उचलून तिने वाचलं. 'सदर अर्जदार सध्या वरील पत्त्यावर राहतो.' तिचं पेन थांबलं.

"हे 'सध्या' कायले लिवलं?"

"तसंच लिवा लागते, ताई."

"काढा थे. राह्यते म्हणजे राह्यते. सध्या कायचं त्याच्यात?"

"खाडाखोड चालत नाही," मोहनसिंग म्हणाले. "केली तं कागद वापस येते."

राखीने बाजूला पाहिलं. हरीओम दारात उभा राहून संस्कृतीला फोन करत होता, दहा वाजून सात मिनिटांचं तिकीट आधीच काढावं लागतं का ते विचारत होता. तिने सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

"काय लिवलं वं त्यानं?" बाहेर आल्यावर तुळसाबाईंनी विचारलं.

"हरी सध्या इथं राह्यते, म्हणून लिवलं."

तुळसाबाई चार पावलं चालल्या. पदराने तोंड पुसलं.

"मंग म्या काय खोटं सांगतलं व्हतं?" त्या म्हणाल्या. "तीन महिने आंधी सांगतलं, येवढंच."