किड्यांच्या चार झोपा

पहिली झोप

एरी रेशमाचा किडा कोशात जायच्या आधी चार वेळा झोपतो. झोपला की खात नाही, हलत नाही. डोकं वर करून बसतो, कुणीतरी हाक मारल्यासारखा. त्या वेळी घरात विडी ओढायची नाही, मिरची परतायची नाही, मोठ्यानं भांडायचं नाही. जुनी कातडी उतरेपर्यंत घरातल्या माणसांनी दबकून वागायचं.

रैमालीच्या घरात दोन खोल्या. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत किडे. तिची सून ओनसुमै सातव्या महिन्याचं पोट घेऊन मागच्याच खोलीत, बांबूच्या डाल्यांशेजारी झोपायची. मुंग्या चढतात, उंदीर येतात, कुणीतरी हवंच. तिचा नवरा बिरखांग केरळात प्लायवूडच्या कारखान्यात होता.

किडे जिऱ्याएवढे होते तेव्हा गुवाहाटीहून प्रांजित नावाचा मुलगा आला. चपला अंगणातच काढल्या, म्हणून रैमालीला तो आवडला. त्यानं पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढलं.

"आई, हे तुमचंच आहे. कोशातले किडे, भाजून वर मसाला लावलेले."

रैमालीनं पाकीट हलवून पाहिलं. "एवढेसे? पाहुणा आला तर पुरायचे कसे?"

"हे जेवायला नाही. येता-जाता तोंडात टाकायचं. प्रोटीन."

"ते काय असतं?"

"ताकद, आई," ओनसुमै आतून म्हणाली. "शाळेच्या पुस्तकात होतं. चित्र मात्र अंड्याचं होतं. आपल्या किड्यांना कुणी विचारलं नव्हतं."

प्रांजित भराभरा बोलायला लागला. बकरं वाढवायला किती पाणी लागतं, किती चारा, किती जमीन. किड्याला काय, एरंडाचं पान. पृथ्वी वाचवायची असेल तर सगळ्या जगाला एक दिवस हेच खावं लागणार.

"आम्ही पृथ्वीसाठी नाही खात बाबा," रैमाली म्हणाली. "चांगलं लागतं म्हणून खातो."

सगळे हसले. पण पाकीट रैमालीनं खाली ठेवलं नाही. गेल्या वर्षी तिनं बिरखांगबरोबर भाजलेल्या किड्यांचा डबा दिला होता. केरळातल्या घरमालकानं तो उघडला, गटारात ओतला आणि बिरखांगला सगळी खोली फिनाइलनं धुवायला लावली. त्यानं फोनवर ते हसत हसत सांगितलं होतं. तिला हसू आलं नव्हतं. आता तीच वस्तू चांदीसारख्या कागदात होती.

"यातलं एक पाकीट त्या घरमालकाला पाठवायचं," ती सुनेला म्हणाली. "आपल्या किड्यांचं. आपल्या घरातलं."

प्रांजितनं दारावर पाटी लावली. *या घरात औषध नाही, धूर नाही, फवारणी नाही.* ओनसुमैनं ती वाचून दाखवली.

"एक थेंब जरी तपासणीत सापडला," तो म्हणाला, "तर सगळ्या गावाचा माल परत येईल. तुमच्या एकट्यांचा नाही."

मग त्यानं ओनसुमैच्या हातांचा फोटो काढला. हातात डाली. चेहरा नको म्हणाला.

दुसरी झोप

(अंगणात दोन फवारणीवाले, पाठीवर पंप. दारात रैमाली. तिच्यामागे ओनसुमै.)

— डासांचं औषध मारायचंय, मावशी. भांडी झाका, कपडे बाहेर काढा.

— किडे झोपलेत.

— दर वर्षी तुमचे किडे आमच्याच वेळेला कसे झोपतात हो?

— तुम्हीच त्यांच्या झोपेला येता.

— बरं, मागची खोली सोडतो. पुढची मारू द्या.

— मध्ये नुसता बांबूचा कूड आहे. वास कुडापाशी थांबतो का?

— वहिनी, तुम्ही तरी सांगा. पोटुशी आहात. भूतानच्या डोंगराखालचा ताप आहे हा, साधा नाही.

— माझ्या पोटात एकच आहे, दादा. आत डाल्यांवर किती आहेत ते मोजा आणि मग बोला.

— हसण्यावारी नेऊ नका.

— मग काय, रडत बसू?

— सरकारी मच्छरदाणी तरी लावता ना? औषधाची?

— लावलीय की.

(लावली होती. कोंबडीच्या खुराड्यावर, पिल्लांना घारीनं उचलू नये म्हणून. ती आत आणली तर किडे तडफडून मरतात हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत.)

— आता वर काय सांगू मी?

— सांगा, घर बंद होतं.

— उघडं तर आहे.

(रैमालीनं दार लावलं.)

तिसरी झोप

या झोपेत काही घडलं नाही. पाऊस झाला, एरंडाच्या झाडांमागच्या खड्ड्यात पाणी साचलं. सकाळी पानं पुसताना ओनसुमै घोटा खाजवत होती. किडे झोपले आणि उठले.

चौथी झोप

ओनसुमैला थंडी भरली. गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजत होते. मग घाम सुटला, ताप उतरला आणि ती उठून बसली.

"बघ, गेला," रैमाली म्हणाली. पावसात भिजलीस, त्याचा ताप आहे म्हणाली. कडू पाल्याचा रस दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत थंडी.

"लाइश्रीला बोलावू?" रैमालीनं विचारलं. लाइश्री गावची आशा सेविका.

"नको. ती आली की मला इस्पितळात नेईल. शेवटचं खाणं आता सुरू होणार, तुम्ही एकट्या किती पानं तोडाल? एवढं झालं की जाऊ." मग म्हणाली, "ओलं पान देऊ नका, आई. पुसून द्या."

रैमालीनं पानं पुसली. सुनेचं कपाळही त्याच फडक्यानं पुसलं.

लाइश्री बोलावल्याशिवायच आली, महिन्याचं वजन करायला. अंगणात सायकल लावताना तिला खुराडं दिसलं. आत येऊन तिनं ओनसुमैचं बोट टोचलं, पट्टीवर रक्त सोडलं आणि बसून राहिली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मलेरिया.

"कोंबड्यांना मच्छरदाणी आणि सुनेला एरंडाचं पान," ती म्हणाली. "वा, रैमाली मावशी."

"तिला त्या वासानं मळमळायचं."

"तिला, की किड्यांना?"

लाइश्रीनं फोन लावला, गाडी मागवली, पहिल्या गोळ्या दिल्या. त्या उलटीवाटे पडल्या. ओनसुमै आता भलतंच बोलत होती. मधेच तिनं नीट विचारलं, "झाल्या का सगळ्यांच्या झोपा?"

"झाल्या."

"मग आता भूक लागेल त्यांना," ती म्हणाली. त्यानंतरचं तिचं बोलणं कुणाला कळलं नाही.

इस्पितळात मूल आधी गेलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी.

जाग

चौथीनंतर झोप नाही. नुसतं खाणं. एका खोलीतले किडे खायला लागले की दूरवर कुणी भात पाखडतंय असा आवाज येतो.

ज्यानं मढ्याला हात लावला, त्यानं शुद्ध झाल्याशिवाय किड्यांच्या खोलीत जायचं नाही. त्याच्या वाऱ्यानं डाल्याच्या डाल्या काळ्या पडतात. शेजारणींनी पानं घातली असती, पण त्या सगळ्या ओनसुमैला मातीला नेऊन आलेल्या. गावात शिवायला लायक हात उरला नाही.

रैमाली पुढच्या खोलीत बसली होती. पाखडणं थांबलं. मग सरसर आवाज यायला लागला. किडे डाल्या सोडून पान शोधत जमिनीवर उतरले होते, काही ओनसुमैच्या अंथरुणावर चढले होते.

ती उठली. अंगावर मातीला गेलेलं तेच लुगडं. अंघोळ नाही, काही नाही. पानं तोडून आणली आणि आत शिरली.

"मरा," ती म्हणाली. "मरायचं असेल तर मरा."

त्यांनी खाल्लं. एकही मेला नाही. वेळेवर पिवळे झाले, सुक्या पानांच्या जुड्यांत शिरले आणि त्यांनी कोश केले. तसे घट्ट, पांढरे, भरलेले कोश गावानं कधी पाहिले नव्हते. शेजारणी बघून गेल्या. एकीनं दारातून पाय काढता काढता विचारलं, "यातून पतंग निघाले की त्यांची थोडी अंडी देशील ना?"

बिरखांग रेल्वेतून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. दारातल्या पाटीसमोर तो बराच वेळ उभा होता.

"आई, यात काय लिहिलंय ते तुला माहीत होतं?"

"तिनंच वाचून दाखवलं होतं."

पाकीट

*भाजलेले एरी किडे. घरगुती. विषमुक्त. पृथ्वीसाठी एक घास.*

खाली चित्र, दोन हात आणि डाली. डाव्या अंगठ्यावर मागाच्या दोऱ्यानं कापलेली खूण.

प्रांजित हसत हसत आला होता. तपासणी झाली, एक थेंबही नाही, सगळ्यांत स्वच्छ माल तुमच्या घरचा. मग बिरखांगनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो खाली बसला आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"मी... आई, मी माणसांचं काही... मला वाटलं नव्हतं..."

"खा," रैमाली म्हणाली. तिनं पाकीट फाडून त्याच्यापुढे धरलं, एक किडा आपल्या तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मीठ जास्त झालंय."

बिरखांग परत निघाला तेव्हा तिनं दुसरं पाकीट त्याच्या पिशवीत घातलं. "त्या घरमालकाला दे."

तो गेल्यावर ते मागच्या खोलीतल्या रिकाम्या अंथरुणावर सापडलं, चित्र खाली करून ठेवलेलं.

दुसरी झोप, पुन्हा

पावसाळा सरत आला तसे तेच दोघे परत आले, पाठीवर तेच पंप. अंगणात शिरता शिरता एकानं आवाज खाली आणला.

"मावशी, कळलं आम्हाला."

"हं."

"आत किडे आहेत का आता?"

"आहेत. झोपलेत."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मग आम्ही पुढे जातो."

"मारा."

"अहो, आधी डाल्या तरी बाहेर काढा. आम्ही थांबतो. मी धरू लागतो एका बाजूनं."

"काढायच्या नाहीत."

"मरतील सगळे, मावशी. आम्हीही किडे खाणारी माणसं आहोत, आम्हाला बघवत नाही."

"तुला मारायला सांगितलंय ना? मार."

तिनं पाटी उपटून चुलीपाशी टाकली आणि दार पूर्ण उघडलं. डाल्यांवर सगळे किडे डोकं वर करून बसले होते. दोघांतला एक जण कुडावर वरून खाली, वरून खाली औषधाचे पांढरे पट्टे ओढत गेला. रैमाली उंबऱ्यावर बसून राहिली, नाकाला पदरही लावला नाही. आत आधी काहीच आवाज नव्हता. मग टप, टप, डाल्यांवरून जमिनीवर काहीतरी पडायला लागलं.

काम उरकून ते शेजारच्या अंगणात शिरले. तिथल्या दारावर तशीच पाटी होती, आणि आतल्या डाल्यांवर रैमालीनं दिलेल्या अंड्यांचे किडे.

"आमच्याकडे किडे झोपलेत," आतून बाईचा आवाज आला. "पुढे जा."