तबकडीमामाची थाप

"मामा, पट्टा दिसतोय का हो?" हनुवटी यंत्राच्या टेकूवर ठेवूनच घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी विचारलं.

यंत्र चालवणाऱ्या तबकडीमामांनी पडद्याकडे पाहिलं. समोर बाईंच्या डोळ्याच्या आतले थर एकावर एक स्वच्छ उमटले होते. मागच्या वेळच्या काळ्या पट्ट्याचा मागमूस नव्हता.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात मामांची ख्याती मोठी. यंत्रातला प्रकाश केसाएवढ्या काचेच्या तारेतून डोळ्यात जायचा. तार कुठे मुडपली की प्रकाशाला पीळ पडायचा आणि डोळ्यात नसलेले काळे पट्टे चित्रात उमटायचे. तो पीळ काढायला तारेवर तीन तबकड्या होत्या. त्या फिरवल्यावर पट्टा हलला, तर भूत यंत्राचं. ढिम्म राहिला, तर दुखणं खरं. लोक सांगत, आणि सांगणाऱ्यांत मामा पहिले, की एकदा त्यांना शिंक आली, तबकडीवरचं बोट जरासं हललं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचाही डोळा आत लख्ख उमटला!

तीन महिन्यांपूर्वी दवाखाना बघायला तपासनीस आले होते. मामांनी लोंबणाऱ्या तारेची घट्ट गुंडाळी करून वर दोरी बांधली. टापटीप दिसावी म्हणून, दुसरं काय! त्या दिवसाचा शेवटचा डोळा या बाईंचा. त्यात पट्टा उमटला.

"मामा, तबकड्या फिरवून पाहिल्या ना?" डॉक्टरबाईंनी आतून विचारलं होतं.

"पाहिल्या की! जागचा हलत नाही."

हात लावला असेल तर शपथ. तपासनीस खांद्यामागे उभे होते. त्यांच्यासमोर खटपट करायची म्हणजे आपल्या चित्रात खोट आहे हे कबूल करायचं. संध्याकाळी मामांनी गुंडाळी सोडली आणि आपली थापही विसरून गेले. बाईंना मात्र डोळ्यात घालायला थेंब दिले गेले आणि बारीक काम बंद करायला सांगितलं गेलं. दृष्टी जाऊ शकते, हेही सांगितलं गेलं.

आता मामांनी तार मुठीत गुंडाळून धरली. पट्टा आला. तीच जागा, तीच जाडी. तबकडी फिरवली. पट्टा सरकला आणि विरून गेला.

एवढ्यात डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगंबाई, गेला की! थेंब लागू पडले म्हणायचे."

"खरंच?" बाईंनी तोंडावर पदर धरला. "मामा, तुमच्या तोंडात साखर पडो. तुम्हीच सांगा, गेला ना?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. जन्मभर थापा मारून न थकलेली मामांची जीभ या एका थापेला वळेना.

"गेला नाही," ते म्हणाले. "नव्हताच कधी. तार मी गुंडाळली होती. तबकड्या फिरवल्या नव्हत्या. फिरवल्या म्हणून सांगितलं."

"मामा!" डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या.

बाईंनी चार शिव्या हासडाव्यात, असं मामांना फार वाटलं. त्या नुसत्या मांडीवरचे हात बघत बसल्या.

"अवजारं वाटून टाकली मी," त्या हळूच म्हणाल्या. "भिंग तेवढं मागे ठेवलं होतं. तेही परवा दिलं. म्हटलं, कुणाच्या तरी डोळ्याच्या कामी येऊ दे."

"मी आणून देतो परत. घरोघर जाऊन..."

"नको. दिलेलं मागायचं कसं?"

बाई उठल्या. खोलीभर ऊन होतं. भिंतीला बोटं लावून, एकेक पाऊल मोजून टाकत त्या दाराकडे निघाल्या.

"बाई," मामा मागून म्हणाले, "डोळे मिटलेत तुमचे."

त्या थबकल्या. डोळे उघडून त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं.

"हो की. सवय करत होते ना. सात पावलं आहेत. मागच्या वेळी जातानाच मोजून ठेवली."

दार उघडायला मामा लगबगीनं पुढे झाले. पण कडी बाईंच्या हाताला आधीच सापडली होती.