नऊशे वर्षांपूर्वीची शेळी

धर्मापुरीच्या जुन्या देवळासमोर त्या मंगळवारी एवढी झुंबड उडाली की, सावलीला झोपलेली कुत्रीसुद्धा वैतागून उठून गेली. कारण त्रिकालनाथ महाराज! त्यांचा टिकल्या लावलेला भगवा 'त्रिकाल मुकुट' डोळ्यांवर चढवला की, पडकं देऊळ नऊशे वर्षांपूर्वीसारखं दिसे. सोन्याचा कळस, कानात नगारे, मान वळवावी तिकडे लखलखीत खांब.

"वर पाहा, बाजूला पाहा!" महाराज बजावत. "पण खाली पाहू नका, बालकांनो. खाली पाताळ आहे. दृष्टी जाईल!"

साठीच्या छबुबाईंनी मुकुट लावला आणि किंचाळल्याच, "अगं बया! ही तर माजी चांदणी!"

चांदणी म्हणजे त्यांची शेळी. डावा कान फाटका, कपाळावर पांढरा ठिपका. सासू वारल्यापासून एकट्या राहिलेल्या छबुबाईंचं घर तिच्याच जिवावर चालायचं, आणि आता तर ती गाभण होती.

महाराज क्षणभर गडबडले. पण तोंडाची टकळी थांबेल तर शपथ! "माते, ही शेळी नव्हे. ही तुझी सासू! नऊशे वर्षं तुझ्यामागे जन्म घेत फिरते आहे. शनिवारी आश्रमाला अर्पण कर, सुटेल बिचारी."

"इतकी वर्सं पाठ न्हाई सोडली, म्हंजे सासूच!" छबुबाईंना लगेच पटलं.

झालं! घरी येताच त्यांनी शेळीची दोरी सोडली. सासूला खुंट्याला बांधायचं कसं? डोक्यावर पदर घेऊन चारा पुढे करायच्या, "घ्या आत्याबाई, जेवा." आत्याबाईंनी शेजारच्या वनमालाची मेथी फस्त केली. ती तणतणत आली, तर छबुबाई म्हणाल्या, "हळू बोल गं! मोठं मानूस हाय." पण रात्री चांदणी अंगाला अंग घासायची, तेव्हा त्यांना रडूच फुटायचं. सासूला द्यायला त्या केव्हाही तयार होत्या, चांदणीला नव्हत्या.

शनिवारी देवळासमोर महाराजांचा टेम्पो उभा राहिला. छबुबाई शेळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "म्हाराज, एकडाव बघू द्या. मग न्या."

मुकुट चढला. समोर चांदणी, म्हणजे सासू! छबुबाईंनी पदर सावरला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पाया पडायला वाकल्या. महाराजांनी चौकस माणसांचा बंदोबस्त केला होता, सुनांचा केला नव्हता.

"खाली नको!" महाराज ओरडले.

छबुबाई वाकलेल्याच राहिल्या. "अरं, पाताळात तीन पायाचं लोखंडी ष्टँड हाय! अन् शेजारी माजा तांब्या!"

"तो वासुकीचा अमृतकलश!"

"कुटला वासुकी? ह्यो पोचा बघा की! सासूनं माज्या अंगावर फेकला तवा पडला. बारा वर्सं झाली. आज सकाळीच घासलाय त्यो! नऊशे वर्सामागं हितं कावून आला?"

गर्दीत मागे फैजान उभा होता. गावचा फोटोग्राफर, लग्नाच्या ऑर्डरी उरकून त्याच दिवशी परतलेला. त्यानं पुढे येऊन छबुबाईंकडून मुकुट घेतला, डोळ्यांना लावला, सरळ खाली पाहिलं आणि हसत सुटला.

"मावशी, दिवाळीत मी ह्या देवळाचा फोटो काढाया आलतो, तवा तुमीच पानी दिलतं न्हवं? ह्यो त्योच फोटो! चारी बाजूंनी एकदम निगतो, म्हनून खाली माजं ष्टँडबी आलं. एका म्युझियमसाठी काढलता. घरबसल्या जुनं देऊळ बघता यावं म्हनून त्यांनी नेटवर फुकट ठेवलाय."

त्यानं टिकल्यांचं कापड ओढलं. आत काळा डबा, दोन भिंगं आणि एक मोबाइल. महाराजांनी त्या फोटोत कळस आणि खांब कॉम्प्युटरवर रंगवून घेतले होते, नगारे रेकॉर्ड केले होते. शेळी पुसायची मात्र राहून गेली होती.

"तरीच मान वळवली की देऊळ फिरतं!" रामकिसन सरपंच म्हणाले. मंगळवारी सगळ्यात आधी लोटांगण त्यांनीच घातलं होतं.

फैजाननं तो डबा एकेकाच्या हातात दिला. "घ्या, खुशाल बघा. यंत्र झकास हाय, भक्ती कशापाई? अन् मुकुट काडून हे खांबबी बघा. मानसांनी छिन्नीनं घडवलेत, तेबी खरेखुरे."

लोक पहिल्यांदाच खांबांजवळ गेले. तेवढ्यात महाराज टेम्पोकडे सटकू लागले. चांदणीनं त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार धरला आणि निम्मा खाल्ला.

छबुबाईंनी तिच्या गळ्यात पुन्हा दोरी घातली, तिला पोटाशी धरलं आणि गर्दीकडे वळून म्हणाल्या, "जो खाली बघू नगा म्हनतो ना, त्येच्या पायाखाली आदी बघावं!"

मग चांदणीच्या पाठीवर एक चापट दिली. "चल घरी. अन् मेथीला तोंड लावलंस तर याद राख. आता तू सासू न्हाईस!"