बातिस्तेंची टोपी

सिंताने खारटपणा मोजायची कांडी सुपात बुडवली. पेनाएवढ्या त्या यंत्राने क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला : एकोणीस. बांधापलीकडच्या समुद्राचा आकडा छत्तीस. म्हणजे दुपारच्या जेवणाला तिने मुद्दामच निम्मा भूमध्य समुद्र तयार केला होता, त्यात बटाटे आणि पावटे.

तिच्या वडिलांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला आणि मिठाचं भांडं पुढे ओढलं.

"अळणी आहे," बातिस्ते म्हणाले.

सिंताने कांडी पुसून ॲप्रनमध्ये ठेवली. दुसऱ्या कुठल्या घरात म्हाताऱ्याची जीभ गेली असती तर फार तर सूप बिघडलं असतं. इथे सात घरांचं भात त्या जिभेवर उभं होतं.

एब्रो नदी समुद्राला मिळते तिथल्या शेवटच्या पाटावर या सात घरांची खाचरं. रोज सकाळी सात वाजता बातिस्ते पाटातलं पाणी ओंजळीत घेत, तोंडात खुळखुळवत आणि थुंकत. त्यांनी टोपी उचलली की पाणी गोडं. सातही घरं आपापल्या फळ्या काढून ते खाचरात घेत. टोपी डोक्यावरच राहिली की फळ्या बंद. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. पाटबंधारे कचेरीने मध्ये एकदा खांबावर मोजयंत्र बसवलं होतं, त्याला शेजारचा अगुस्ती बकरी बांधतो. बातिस्तेंच्या समोर दुसऱ्या कुणी पाणी चाखणं म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीत बसून आपली दाढी आपणच करण्यासारखं होतं.

कांडी नेउसने दिली होती. ही मुलगी बांधाबाहेरचं खाजण, ती खाऱ्या पाण्याची दलदल, मोजायला येते. चिखलात लोखंडी सळई रोवून खाजण किती वर चढलं ते बघते, आणि आकडा चांगला आला तर सळईलाच शाबासकी देते. तिचं म्हणणं साधं होतं. समुद्र वर येतो तसं खाजणातलं गवत गाळ धरून ठेवतं आणि त्याच गाळावर चढून बसतं. पण गाळ आता कमी येतो. चढणं जमेनासं झालं की खाजणाला एकच उपाय उरतो, मागे सरकण्याचा. इथे मागे बांध होता, आणि बांधामागे बातिस्तेंचं शेवटचं खाचर. ते खाचर मोकळं सोडलं तर खाजण तिथे पसरेल, लाटांचा जोर खाईल आणि बाकीची खाचरं वाचतील.

बातिस्तेंनी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि खाजणाकडे जमिनीची कागदपत्रं आहेत का, असं विचारलं होतं.

त्या सुपानंतरचे बारा दिवस सिंता बदकांना दाणे टाकायच्या निमित्ताने वडिलांच्या आधी पाटावर जात होती. कांडी बुडवायची, आकडा बघायचा, कांडी ॲप्रनमध्ये आणि आपण बदकांमध्ये. आकडा दोनच्या वर गेला तर कोवळी रोपं जळतात. नऊ दिवस पाणी गोडं निघालं होतं, तीन दिवस खारं. आणि बाराही दिवस टोपी बरोबर होती. निम्मा समुद्र अळणी लागणाऱ्या माणसाला पाटातलं चिमूटभर मीठ कळत होतं. हा चमत्कार असेल तर तो किती दिवस पुरेल, या काळजीने तिची झोप उडाली होती. बदकं मात्र लठ्ठ झाली होती.

तेराव्या दिवशी समुद्राचं पाणी पाटात ढकलणारा पूर्वेचा वारा सुटला होता. कांडीने साडेचार दाखवले. सिंताने ती दोनदा पुसून बुडवली, दोन्ही वेळा साडेचारच.

सात वाजले. पाटाच्या कडेने माणसं फळ्यांवर हात ठेवून उभी राहिली. बातिस्ते आले, वाकले, खुळखुळवलं, थुंकले. टोपी हलली तर आपण ओरडायचं, असं सिंताने ठरवलं होतं. पण ओरडायचं म्हणजे चाळीस वर्षांची जीभ सात घरांसमोर पुरायची. तिला बघवेना. तिने पाठ फिरवली आणि बदकांकडे बघत राहिली.

बराच वेळ काहीच झालं नाही.

"अरे बातिस्त्या," अगुस्ती म्हणाला, "पाणी चाखतोयस की सोयरीक जमवतोयस?"

"सिंता," बातिस्ते म्हणाले, "इकडे बघ."

ती वळली. त्यांचा हात टोपीपर्यंत गेलेला होता. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या हाताने कान खाजवला आणि तो खाली आला.

पाटावरच्या फळ्या जागच्या जागी राहिल्या. अगुस्ती बकरी सोडायला गेला.

परतताना दोघं शेवटच्या खाचराच्या कडेने चालली होती.

"जीभ डिसेंबरच्या तापातच गेली," बातिस्ते म्हणाले. छत्री कुठेतरी विसरली, असं सांगावं तसं.

"मग हे बारा दिवस?"

"तुझं तोंड. आईवर गेलंय. तिलाही काही लपवता यायचं नाही."

सिंता थांबली. सात घरांचं भात आपल्या तोंडावर उभं आहे हे कळल्यावर त्या तोंडाचं नेमकं काय करायचं, ते तिला सुचेना.

खाचराच्या कोपऱ्यात बोटाएवढ्या, बिनपानांच्या हिरव्या काड्या उगवल्या होत्या. बांधापलीकडच्या खाजणातल्याच त्या. बातिस्ते दर वर्षी त्या मुळासकट उपटून बांधाबाहेर फेकत. या वर्षी त्या चांगल्या चार पावलं आत आल्या होत्या. ते वाकले, एकीचा शेंडा खुडला आणि तिच्यापुढे धरला.

तिने चावून बघितला.

"खारट?"

सिंताचे डोळे बारीक झाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

बाकीच्या काड्यांना त्यांनी हात लावला नाही. हात पुसून ते बांधापलीकडे बघू लागले.

"त्या पोरीला सोमवारी बोलव," ते म्हणाले. "पण एवढंच खाचर. खाजण त्याच्या पुढे आलं तर कागद मागेन."

दुपारी सिंताने बेताचं मीठ टाकून सूप केलं, मोजलं नाही. दोघं समोरासमोर बसली. बातिस्तेंनी चमचा भरला आणि हातातच धरून ठेवला. तिने पहिला घोट घेईपर्यंत ते थांबले, तिच्या तोंडाकडे बघत.

"आज बरोबर झालंय," ते म्हणाले, आणि मग जेवायला लागले.