वगळलेल्या शब्दांचा निषेध

सभागृहात त्यांना ‘अध्यक्ष महाराज’ म्हणत, घरी सून ‘बाबा’ म्हणे, आणि पाठ वळली की पत्रकार ‘खोडरबर’ म्हणत. तिन्हींपैकी शेवटचं नाव त्यांना मनातून आवडे. एखादा सदस्य उचलली जीभ लावली टाळ्याला असं काही बोलला, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अध्यक्षांचा हात वर जाई आणि घोषणा होई, “हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत.” संपलं. छापील कामकाजात ते शब्द येत नसत, म्हणजे ते बोललेच गेले नव्हते. इतकी जलद साफसफाई नगरपालिकेला कधी जमली नव्हती.

त्या सोमवारी सांडपाण्याच्या विधेयकावर चर्चा होती. ‘तोफ’ म्हणून ओळखले जाणारे एक सन्माननीय सदस्य बोलता बोलता बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या लोकांकडे वळले. सांडपाण्यावरून तिकडे कसं वळता येतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. म्हणाले, “ही माणसं नाहीत, अध्यक्ष महाराज, ही बुरशी आहे. जरा ओल मिळाली की पसरते. बुरशीची समजूत घालत नाहीत, ती खरवडून काढतात!”

काही बाकं वाजली. अध्यक्षांचा हात तोवर वर गेलेला होता. शब्द निघाले. जेवणाच्या सुट्टीत स्वतःवर खूश होऊन त्यांनी दुसरा चहा मागवला.

खूश व्हायला घरचं कारण होतं. त्यांची सून बाहेरचीच. शिकायला आली, त्यांच्या मुलाशी लग्न करून राहिली, आणि आता शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. साऱ्या शहराने, तोफेसकट, सकाळी चूळ भरायची की नाही हे ती ठरवत असे. मुलाला दूरदेशी मोठी नोकरी लागून तो पुढे गेला होता. सून आणि सात वर्षांची नात यांनी मागोमाग जायचं की नाही हे सुनेवर होतं, आणि ती अजून ‘बघू’ म्हणत होती. त्या ‘बघू’वर अध्यक्षांचं घर उभं होतं. बायको जाऊन चार वर्षं झालेली. या दोघीही गेल्या तर बोलायला उरणार होते ते फक्त सभागृहाचे सचिव, आणि सचिव नियमाचा क्रमांक सांगितल्याशिवाय ‘नमस्कार’सुद्धा करत नसत.

बुधवारी नात शाळेतून आली ती सरळ न्हाणीघरात गेली आणि साबणाने हात घासत बसली. बराच वेळ झाला तरी नळ बंद होईना.

“काय लागलंय गं हाताला?” अध्यक्षांनी बाहेरून विचारलं.

“काही नाही. पण ते म्हणतात, मला हात लावला की पसरतं.”

“काय पसरतं?”

“बुरशी.”

तेवढ्यात सून पाठोपाठ आली. अध्यक्ष तिला म्हणाले, “अगं, पण ते मी सोमवारीच काढून टाकलं.”

“कुठून?”

“कामकाजातून.”

“हो ना,” सून म्हणाली. “तेच झालंय, बाबा. कालही हेच झालं, म्हणून मी आज मुख्याध्यापिकांना भेटून आले. त्या म्हणाल्या, सभागृहात असं कुणी बोललेलंच नाही, आम्ही छापील कामकाज बघितलं. मुलं आपल्या मनाने काहीतरी म्हणत असतील, तुम्ही उगाच राजकारण आणू नका.” तिने नळ बंद केला आणि मुलीचे लालबुंद झालेले हात टॉवेलात घेतले. “तुम्ही त्याचं तोंड बंद केलं नाहीत. माझं केलंत.”

त्या रात्री अध्यक्षांना जेवण गेलं नाही. आपण घर झाडतो म्हणून कचरा गालिच्याखाली सारत होतो की काय, ही शंका माणसाला साठीनंतर यावी हे वाईटच.

गुरुवारी एका सदस्येने, पेशाने डॉक्टर असलेल्या बाईंनी, निषेधाचा ठराव आणला. निवडून आलेल्या माणसांनी बाहेरून आलेल्यांविषयी असं बोलणं हे सभागृहाला लाज आणणारं आहे, असा त्याचा आशय. अध्यक्षांच्या दालनात सचिवांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“साहेब, अडचण आहे. काढून टाकलेले शब्द सभागृहात पुन्हा उच्चारता येत नाहीत. तेव्हा ठरावात ते घेता येणार नाहीत.”

“मग निषेध कशाचा?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“शब्दांचा. पण कोणत्या, ते म्हणता येणार नाही.”

“आणि बोललं कोण?”

“कामकाजानुसार कुणीच नाही.”

“म्हणजे पेशंट नाही, रोग नाही आणि मी औषध लिहून द्यायचं!”

“सर्वसाधारण टॉनिक द्या ना, बाई,” सचिव अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात तोफ स्वतःच दालनात आली. माणूस एरवी गोड होता. अध्यक्षांच्या गुडघ्याची चौकशी न करता तो कधी खुर्चीत बसला नाही. “बाई, ठराव उत्तम आहे. मी अनुमोदन देतो. जो कुणी असं बोलला असेल त्याचा मी जाहीर निषेध करीन. एकमताने होऊन जाऊ दे!”

“तुम्हीच बोललात!”

“दाखवा छापलेलं. राजीनामा देतो.” आणि अध्यक्षांकडे वळून, प्रेमाने, “तुमच्यासारखा अध्यक्ष आहे म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं, महाराज.”

हे कौतुक अध्यक्षांना निषेधापेक्षा जड गेलं. पक्षाच्या वरिष्ठांचाही फोन आला. एकमताचा ठराव म्हणजे सर्वांची शोभा, सगळे मिळून फोटो काढू, तुम्ही मधोमध. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वरिष्ठांचं आवडतं धोरण.

दालन रिकामं झाल्यावर अध्यक्षांनी सचिवांना विचारलं, “काढलेले शब्द कामकाजात परत घेता येतात का हो?”

सचिव दचकले. “नियम आहे, साहेब. पण तो कुणी वापरत नाही. आदेश ज्याने दिला त्यानेच तो मागे घ्यायचा, आणि कोणते शब्द परत घेतले ते उभं राहून आसनावरून वाचून दाखवायचं.”

“मीच?”

“आपणच. आपल्या तोंडाने.”

घरी त्यांनी हे सुनेला सांगितलं नाही. तिने कपाटाच्या वरून मोठी बॅग खाली काढून ठेवलेली त्यांनी पाहिली, आणि तिनेही त्यांना काही सांगितलं नाही.

शुक्रवारी गॅलरी भरलेली होती. फोटोसाठी सदस्य धुतल्या तांदळासारखे होऊन आले होते. ठराव पुकारायच्या आधी अध्यक्ष उभे राहिले.

“सोमवारचा माझा आदेश मी मागे घेत आहे,” ते म्हणाले. “कशाचा निषेध करायचा हे सभागृहाला कळलं पाहिजे.”

त्यांचा आवाज भारदस्त, सुस्पष्ट. शब्द आठवायला कागद लागला नाही. त्यांनी सदस्याचं नाव घेतलं आणि एकेक शब्द सुटा करून वाक्य म्हटलं. ही माणसं नाहीत. ही बुरशी आहे. खरवडून काढतातपर्यंत सगळं. या वेळी कुणी हात वर केला नाही, कारण तो हात त्यांचाच होता. सोमवारी ज्यांनी बाकं वाजवली होती ते चपलांकडे बघत होते. गॅलरीत एक बाई रडू लागली आणि मार्शलने तिला, नियमाप्रमाणे, शांत राहायला सांगितलं.

मग गदारोळ झाला. तोफेच्या चेहऱ्यावरचा गोडवा प्रथमच उतरला. ती आपल्या गोटासह बाहेर पडली. जे एकमताने होणार होतं ते जेमतेम बहुमताने झालं. फोटो झाला नाही. वरिष्ठांनी फोन करून एवढंच विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” राजकारणात हा प्रश्न काळजीचा नसतो. पण ठराव संमत झाला होता, नावासकट आणि शब्दांसकट, आणि तो छापला जाणार होता. कैक वर्षांत प्रथमच अध्यक्षांना आपण काहीतरी केलं असं वाटलं. घरी जाताना ते गाडीत चक्क गुणगुणत होते.

दुपारपासूनच फोनाफोनांतून एक चित्रफीत फिरत होती. तोफेच्या गोटातल्या कुणीतरी कापलेली. तिच्यात आदेश नव्हता, नाव नव्हतं, ठराव नव्हता. नुसते अध्यक्ष होते, आसनावर उभे, आणि त्यांच्या त्या सुस्पष्ट आवाजात ते म्हणत होते की ही माणसं नाहीत. शाळा सुटेपर्यंत ती शाळेतही पोचली.

दार सुनेने उघडलं. डोळे सुजलेले होते.

“मी सगळं ऐकलं, बाबा. प्रयोगशाळेत आम्ही थेट लावलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“मग?”

“मी तुमच्या मुलाला सकाळीच ‘आम्ही येतो’ म्हणून कळवलं होतं. तुम्ही उभे राहायच्या आधी.” ती थांबली. “नंतर विचार केला, निर्णय फिरवू का. मग ही शाळेतून आली.”

“तिने…”

“तिने पूर्ण नाही ऐकलं. तिथे कुणीच पूर्ण नाही ऐकलं.” सुनेने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, कधी नव्हे ती त्यांच्या दंडावर हात ठेवला. “तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. मी मुख्याध्यापिकांना छापील ठराव दाखवणार आहे. दाखवूनच दाखला काढणार आहे. पण काढणार आहे.”

नातीच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. गुडघ्याची पर्वा न करता अध्यक्ष बाहेर जमिनीवर बसले.

“मी आहे गं.”

आतून पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला, “तुम्ही म्हणालात ना ते?”

“म्हणालो. पण ते माझं नव्हतं. दुसऱ्या एका माणसाचं होतं. तो म्हणाला हे सगळ्यांना कळावं म्हणून मी म्हणून दाखवलं.”

कडी हलली, पण उघडली नाही.

“मग एवढ्या मोठ्याने कशाला म्हणालात?”

“सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.”

“गेलं,” नात म्हणाली.